गयाबाईंची धार

रोज सकाळी दुधाचे कॅन धुणारी मशीन सुरू केली की गयाबाई पहिली धार कधीच कॅनवर मारत नसत. दूध केंद्राच्या मागच्या बाजूला कोरड्या सिमेंटचा एक ओटा होता. त्यावर एकदाच, पापणी लवावी इतका वेळ, पाणी सोडायच्या आणि हातातली धारेची गन खाली करून त्या ओल्या खुणेकडं बघत राहायच्या. खूण दोन्हीकडं सारखी, हातपंख्यासारखी पसरलेली दिसली की मान हलवून कामाला लागायच्या. एका बाजूला पातळ दिसली तर म्हणायच्या, "डावीकडं लंगडतंय आज." मग नोझल काढून तोंडाने फुंकायच्या, सुईनं तिचं भोक साफ करायच्या आणि पुन्हा ओट्यावर खूण बघायच्या. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून हे रोज बघायची. पहिले काही दिवस मला वाटायचं, ही बाई देवपूजेसारखं काहीतरी करते आहे.

मी तेव्हा तलवाड्याच्या अलीकडच्या दूध शीतकरण केंद्रावर दूध तपासायला होते. आसपासच्या वीस-पंचवीस गावांतल्या दूध संस्था आमच्याकडं दूध पाठवायच्या. सायकलला अडकवून, मोटारसायकलवर, जीपच्या टपावर अॅल्युमिनियमचे कॅन यायचे. दूध मोजून, तपासून आमच्या टाकीत पडायचं आणि रिकामे कॅन धुऊन परत गावोगावी जायचे. ही धुलाई गयाबाईंकडं. वय चाळिशीच्या पुढं, ठेंगणा बांधा, लुगड्यावर पुरुषाचा जुना लांब बाह्यांचा शर्ट. पायांत दूध संघानं दिलेले गमबूट दोन नंबर मोठे, म्हणून पुढं चिंध्या कोंबलेल्या. चालताना पच्-पच् आवाज यायचा. त्या येताहेत हे दिसण्याआधी ऐकू यायचं.

गयाबाई केंद्राजवळच्या गावात, खालच्या अंगाला बुद्धविहाराजवळ राहायच्या. नवऱ्याबरोबर आठ-दहा हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. तो तिकडंच उसाच्या गाडीखाली गेला. त्या वर्षी परत आल्या त्या आल्या. पुन्हा कोयता हातात धरला नाही. "मी कोयत्यावर गेले की सुमनची शाळा सुटती," एवढंच सांगायच्या. सुमन त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा ती सातवीला होती.

मशीन येण्याआधी तीन बायका काथ्यानं आणि सोड्यानं कॅन घासायच्या. मग संघानं जोराच्या धारेनं धुणारा प्रेशर वॉशर पाठवला. आमचे व्यवस्थापक सोनवणे साहेब भारी खूश झाले. माणूस तसा चांगला, पण नव्या वस्तूवर त्यांचा फार विश्वास. मशीन चालवायला त्यांनी बळीराम नावाच्या धडधाकट गड्याला नेमलं. तीन बायकांतल्या दोघी घरी गेल्या. गयाबाई राहिल्या त्या कॅन उचलून ठेवायला.

बळीराम आग विझवायला निघाल्यासारखा उभा राहायचा. सगळ्यात बारीक नोझल लावायचा, जिच्यातून सुतळीएवढी धार निघायची, आणि कॅनच्या बुडावर असा सपाटा लावायचा की कॅन नाचायचा. भिंतीचा रंग उडाला. एका कॅनवरचं संस्थेचं नाव गेलं. बाहेरून कॅन चांदीसारखे चमकू लागले. आणि दूध मात्र पहिल्यापेक्षा जास्त नासू लागलं.

हे मला सगळ्यांत आधी कळलं. दुधात जंतू किती, हे बघायची आमची एक साधी चाचणी होती. नळीतल्या दुधात निळ्या औषधाचे थेंब टाकायचे आणि कोमट पाण्यात ठेवायचं. निळा रंग जितका लवकर उडेल तितकं दूध वाईट. चांगल्या दुधात तो चार-पाच तास टिकतो. त्या महिन्यात आमच्याकडं अर्ध्या तासात नळ्या पांढऱ्या पडू लागल्या. मी गवळ्यांना दोष दिला, उन्हाला दिला, शेवटी माझ्याच औषधाला दिला.

एका दुपारी गयाबाई एक चकचकीत कॅन घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या.

"म्याडम, हात घाला आत. बुडाला न्हाई, मानंखाली. बोट फिरवा."

मी बोट फिरवलं. कॅनच्या मानेखालच्या वळणात बोटाला बुळबुळीत लागलं.

"धार पोचती बुडाला," त्या म्हणाल्या, "अन् घान बसती मानंखाली. अन् दुसरं सांगू का? बळीराम आधीच ऊन पानी मारतोय. तुमी घरी दुधाचं पातेलं कशानं विसळता?"

"गार पाण्यानं."

"कावून?"

मला उत्तर माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. गरम पाण्यानं दुधातला चिकट भाग भांड्याला धरून बसतो. पण महिनाभर ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"साहेबांना सांगितलंत का?" मी विचारलं.

"मी कॅन उचलायला हाय म्याडम," त्या म्हणाल्या आणि कॅन घेऊन गेल्या.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी बळीरामला सांगितलं. बळीरामनं तीन दिवस ऐकलं. दसरा झाला आणि तो आपल्या टोळीबरोबर ऊसतोडीला निघून गेला. आता मशीन कोण चालवणार? साहेब गावात गडी शोधत हिंडले. धडधाकट गडी सगळे ट्रकांत बसून गेलेले.

"मी करते," गयाबाई म्हणाल्या.

"बाईमाणसाला नाही जमायचं. धक्का मारते ती," साहेब म्हणाले.

"मारू द्या की."

धक्का खरंच मारला. पहिल्यांदा खटका दाबला आणि त्या दोन पावलं मागं जाऊन चिखलात बसल्या. आम्ही धावलो. त्या तिथंच बसून हसत होत्या, शर्टभर चिखल, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. मग उठल्या, एक पाय मागं घेऊन तिरका रोवला, गनचा मागचा भाग काखेत दाबला आणि म्हणाल्या, "ती सुतळीवाली नोझल काढा. रुंद धारंची लावा."

"रुंद धारेनं जोर कमी होतो," साहेब म्हणाले.

"मंग जवळ जाऊ. लांबून बोंबलन्यापरीस जवळ जाऊन सांगितलेलं बरं."

त्यांनी कॅन आडवा ठेवला, तोंड किंचित खाली. आधी गार पाणी, फक्त दूध निघून जाईल इतकंच. मग साबण-सोड्याचं कोमट पाणी, बुडापासून मानेकडं. धारेशिवाय, हलक्या हातानं. आणि मग गन खाली ठेवून त्या गप्प उभ्या राहिल्या.

"का थांबलात?" साहेबांनी विचारलं.

"साबन काम करायलाय. आपुन त्याच्या मधी बोलू नये."

कॅन सावलीत होता, साबण वाळणार नाही याची त्यांनी काळजी घेतली होती. थोड्या वेळानं गन उचलली, वीतभर अंतर धरलं आणि धार तिरकी लावून मानेखालून सुरुवात केली. एक पट्टा, त्याला जरा चिकटून दुसरा, मग तिसरा. शेणानं अंगण सारवताना हात फिरतो तसा. कॅन नाचला नाही. पाणी कुठं उडालं नाही. घाण आपण होऊन खाली ओघळली.

"पान्याला मारायला लावायचं न्हाई साहेब," त्या म्हणाल्या. "पुसायला लावायचं."

त्या दिवसापासून दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीबाहेर गमबूट वाजायचे आणि एकच प्रश्न यायचा, "निळं टिकलं का म्याडम?" मी नळी उजेडात धरून दाखवायची. टिकलेलं असलं की त्या नुसत्या बघत राहायच्या. उडालेलं असलं तर विचारायच्या, "कोन्या गावाचा कॅन?" आणि दुसऱ्या दिवशी त्या गावाचा कॅन बाजूला काढून त्याच्याशी बराच वेळ झटायच्या.

मशीन त्यांनी जनावरासारखी ओळखून घेतली होती. एकदा तिचा जोर एकाएकी गेला. धार यायची, थांबायची, परत यायची. बीडहून मेकॅनिक आला. त्यानं कान लावला, दोन नट ढिले केले, पुन्हा आवळले आणि सांगितलं, पंप गेला, नवा टाकावा लागेल, पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवस हातानं कॅन घासायला माणसं नव्हती.

"तिला उचक्या लागल्यात," गयाबाई म्हणाल्या. "पंप गेल्यावर मानूस असा उचक्या देतोय व्हय? त्यो गपगार पडतोय."

मेकॅनिक हसला. गयाबाईंनी तळहातावर साबणाचा दाट फेस केला आणि टाकीतून मशीनकडं येणाऱ्या पाईपच्या सांध्यावर थापला. मशीन चालू केली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. सांध्याच्या एका बाजूचा फेस हळूहळू आत ओढला गेला आणि तिथं बोटभर जागा कोरडी झाली.

"हवा पिती ती," गयाबाई म्हणाल्या. "पान्यासंगं हवा."

सांध्यातली रबराची चकती चिरली होती. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. आतली जाळी काढली तर तिच्यावर आमच्या बोअरच्या पाण्यातला चुना पांढरा थर धरून बसलेला. नोझलच्या भोकातही तोच. त्यांनी नोझल आणि जाळी चिंचेच्या पाण्यात घालून ठेवल्या. "तांब्याचं भांडं निघतंय, मंग ही कावून न्हाई निघनार?" दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरची खूण अगदी सरळ उमटली. मेकॅनिक बिचारा रात्री मुक्कामाला थांबला होता. त्यानं जाताना गयाबाईंना विचारलं, "मावशी, कुठं शिकलाव?"

"कुनी शिकवलं न्हाई म्हनून बघत बसले," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर शनिवारी एक ताटली भरून चिंचेचं पाणी ओट्याशेजारी असायचं, आणि त्यात बुडालेली नोझल.

मग तो दुष्काळ आला. दुष्काळ आमच्याकडं नवा नाही, पण त्या वर्षी बोअर फेब्रुवारीतच गुरगुरून बंद पडला. केंद्राला तीन दिवसांतून एकदा टँकर मिळू लागला. उमापूरच्या बाजूला चारा छावणी पडली. दूध निम्म्यावर आलं. साहेबांनी मशीन बंद करायची ठरवली. पाणी खाते म्हणून.

"बंद करा," गयाबाई म्हणाल्या. "अन् एक दिस मला बादलीनं धुवू द्या. एक दिस मशीननं. दोन्हीचं पानी मोजा."

मोजलं. मशीननं निम्म्याहून कमी लागलं. साहेबांनी दोनदा मोजलं. खरं तर ते मशीनचं नव्हतं, गयाबाईंचं होतं. बळीरामच्या हातात तीच मशीन हौद रिकामा करायची. गयाबाई खटका दाबायच्या तेवढाच दाबायच्या. कॅन फिरवताना बोट सुटलेलं असायचं. शेवटच्या स्वच्छ धुण्याचं पाणी घमेल्यात धरून पुढच्या कॅनच्या पहिल्या विसळणीला वापरायच्या. आणि ती पहिली विसळण, साबण नसलेली, पांढुरकी, ती छावणीतल्या वासरांना जायची. संध्याकाळी छावणीची गाडी यायची तेव्हा गयाबाई दोन पिंपं तयार ठेवायच्या आणि गाडीवाल्याला बजावायच्या, "बारक्यांना आधी. मोठी जनावरं दांडगाई करतेत."

मे महिन्यात डोंगरपट्ट्यातल्या एका गावाला पाणी नेणारा टँकर मोडला. त्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथली दूध संस्था आमची जुनी. तहसिलीतून दुसरा टँकर मिळेना. शेवटी एका कारखान्याचा टँकर मिळाला, पण तो मळी वाहणारा. साखर निघाल्यावर उसाच्या रसाचा जो काळा घट्ट चिकट गाळ उरतो, ती मळी. कारखान्याच्या माणसांनी टाकी दोनदा धुतली होती. तरी झाकण उघडलं की आंबूस वास नाकात शिरायचा आणि हात लावला की हाताला गूळ लागायचा. हमीदभाई ड्रायव्हर टँकर घेऊन आमच्याकडं आला.

"गयाबाई, हे व्हतंय का बघा," तो म्हणाला. "न्हाई तर मी परत नेतो. असलं पानी मी कुनाला पाजनार न्हाई."

गयाबाई शिडीवर चढल्या, झाकणातून आत वाकून बराच वेळ बघितलं. खाली उतरल्या.

"पानी किती देता?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"दोन पिंपं. त्याच्यावर थेंब नाही."

"बास झालं."

दोन पिंपांत एवढी टाकी धुवायची म्हणजे मला अशक्य वाटत होतं. त्यांनी अर्ध्या पिंपाचं पाणी चुलवणावर तापवलं, त्यात धुण्याचा सोडा घातला आणि ते टाकीत ओतून झाकण बंद केलं. मला वाटलं आता मशीन काढतील. पण त्या हमीदभाईकडं वळल्या.

"ह्याला घेऊन फिरून या."

"कुठं?"

"नदीच्या वाटंनं. जितं लई खड्डे हायती तितं."

हमीदभाईनं एकदा त्यांच्याकडं, एकदा टँकरकडं पाहिलं आणि मोठ्यानं हसला. दीड तास तो टँकर खड्ड्यांतून नेत-आणत होता. आत गरम पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत होतं. वरून मे महिन्याचं ऊन पत्र्याला तापवत होतं. परत आल्यावर खालची तोटी उघडली तेव्हा काळाकुट्ट पाक वाहत बाहेर आला.

लगेच आत उतरायला त्यांनी कुणाला दिलं नाही. कारखान्यावर अशाच टाकीत एक माणूस गुदमरला होता, हे हमीदभाईला ठाऊक होतं. दोन्ही झाकणं उघडी ठेवली, साहेबांच्या टेबलावरचा पंखा आणून एका झाकणावर आत तोंड करून बांधला. दुपारपर्यंत तो चालला. मग बादलीत कंदील ठेवून आत सोडला. कंदील नीट जळत राहिला तेव्हा गयाबाईंनी कमरेला दोर बांधला, दोराचं टोक हमीदभाईच्या हातात दिलं आणि गन घेऊन आत उतरल्या. मशीन बाहेर, फक्त पाईप आत.

मी झाकणातून बघत होते. आत भट्टी झालेली. त्या गुडघ्यांवर बसून छतापासून सुरुवात करत होत्या. वीतभर अंतर, तिरकी धार, पट्ट्याला पट्टा लावून. प्रत्येक कोपऱ्याला आधी हात फिरवायचा, मग धार, मग पुन्हा हात. थोड्या थोड्या वेळानं हमीदभाई दोर ओढून विचारायचा, "हायेत का गयाबाई?" आणि आतून घुमल्यासारखा आवाज यायचा, "हाय की!" तीनदा वर येऊन त्या सावलीत बसल्या, गार वारा घेतला आणि परत उतरल्या. संध्याकाळ होत आली तेव्हा दुसऱ्या पिंपात थोडं पाणी शिल्लक होतं.

शेवटच्या धुण्याचं पाणी मी बाटलीत धरलं. रंग नाही, वास नाही. सोडा राहिलाय का ते बघायला लिटमसचा कागद बुडवला, तो बदलला नाही. मी मान हलवली. गयाबाईंनी बाटली माझ्या हातातून घेतली, दोन घोट प्यायल्या आणि उरलेलं मला दिलं. मीही प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेला टँकर घेऊन हमीदभाई निघाला. पहिली खेप म्हणून मी आणि गयाबाईही केबिनमध्ये बसलो. त्यांना तोटी गळते का ते बघायचं होतं.

गावात लिंबाखाली घागरींची रांग लागली होती. टँकर थांबला, बायका पुढं सरकल्या. इतक्यात पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांचा शब्द गावात चालत असावा, कारण रांग जागच्या जागी थांबली.

"मळीचा टँकर ना ह्यो?" तात्यांनी विचारलं. "कुनी धुतला बे, हमीद?"

"दूध केंद्राच्या गयाबाईनं, तात्या. दिसभर धुतला."

"आत उतरून?"

"उतरल्याबिगर कसा धुनार?"

तात्या काही बोलले नाहीत. गयाबाईंकडं पाहिलंही नाही. नुसते जमिनीकडं बघत बसले. त्या न बोलण्याचा अर्थ रांगेतल्या प्रत्येकाला कळला. कुणाची घागर पुढं सरकेना. पाणी तिथं होतं, माणसं तिथं होती आणि मधल्या चार पावलांत कुणी पाय टाकत नव्हतं.

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात गयाबाईंनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाल्या, "तुमी नका बोलू म्याडम. तुमी बोललाव तर तुमच्या तोंडावर हो म्हनतील, अन् गाडी गेली की पानी वतून देतील. गप ऱ्हावा."

किती वेळ गेला सांगता येत नाही. दहा मिनिटं असतील. एक लहान मूल आईच्या पदराला धरून पाणी पाणी करत होतं आणि ती त्याला दटावत होती.

मग रांगेच्या मधून एक तरुण बाई निघाली. दिवस भरत आलेले. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. एका हातानं कंबर धरून, दुसऱ्या हातात घागर घेऊन ती सावकाश पुढं आली आणि पारासमोर थांबली.

"मामंजी," ती म्हणाली, "कालधरनं घरात पानी न्हाई." तिनं घागर पुढं धरली. "मी भरते."

तात्यांनी मान वर केली नाही. ती सरळ तोटीपाशी आली. हमीदभाईनं तात्यांकडं पाहिलं. तोटीजवळ गयाबाईच उभ्या होत्या. त्यांनीच ती उघडली.

तिनं घागर सरळ तोटीखाली धरली. पाणी तळाला आपटून बाहेर उसळलं.

"घागर जरा वाकडी धर माय," गयाबाई म्हणाल्या. "धार कडंनं उतरू दे. असं. बघ, आता सांडतंय का?"

तिनं घागर तिरकी केली. पाणी आवाज न करता भरू लागलं. भरत आल्यावर तिनं ओंजळ पुढं केली, गयाबाईंनी तोटी जराशी कमी केली आणि ती पोरगी सगळ्यांसमोर तिथंच उभ्या उभ्या पाणी प्याली. मग त्या रडणाऱ्या मुलाची आई पुढं आली. मग तिच्या मागची. अर्ध्या तासात टँकर रिकामा झाला. तात्या त्या दिवशी पाणी प्याले की नाही, ते मी पाहिलं नाही.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. गयाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, त्या रडताहेत. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला. मग म्हणाल्या, "म्याडम, तोटीच्या वरल्या अंगाला एक सांधा हाय. तितं माझा हात पोचला न्हाई काल. शेवटल्या पान्याला जरा वास आल्यावानी वाटला. उद्या परत उतरते."

आणि उतरल्या. पूर्ण उन्हाळाभर दर आठ दिवसांनी उतरल्या. त्या गावाला तोच टँकर जात राहिला.

त्यानंतर पाचेक वर्षांत दूध संघ डबघाईला आला आणि आमचं केंद्र बंद झालं. शेवटच्या दिवशी साहेबांनी सामानाची यादी केली. मशीन ट्रकमध्ये चढवायच्या आधी गयाबाईंनी तिच्या पाईपांतलं सगळं पाणी काढलं, तेल बदललं, नोझला एकेक पुसून फडक्यात बांधल्या आणि पुरचुंडी गनला अडकवली. "पुढल्याला सापडाया पायजेत," म्हणाल्या. कुणाकडं जाणार होती ती मशीन, कुणाला माहीत नव्हतं. साहेबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "गयाबाई, तुम्हाला कायम करायचं राहून गेलं माझ्याकडून." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या साहेब. सुमनची बारावी झाली." जणू दोन्ही गोष्टी एकाच पारड्यातल्या होत्या.

मला लातूरकडं दुसरी नोकरी लागली. अधूनमधून हमीदभाईकडून खबर मिळायची. गयाबाई कुठल्याशा महामार्गावरच्या गाड्या धुण्याच्या दुकानात काही वर्षं होत्या. तिथल्या मालकाला त्यांनी ट्रकचा चिखल आधी भिजवायला शिकवलं. सुमन नर्स झाली. गयाबाईंची बोटं आता नीट मिटत नाहीत, वर्षानुवर्षं गन धरून आखडली आहेत, हेही त्यानंच सांगितलं.

मग एकदा उमापूरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेले. थंडीचे दिवस, सकाळची नऊची वेळ. दोन खोल्यांचं पक्कं घर झालं होतं. अंगणात उन्हात गयाबाई पाटावर बसल्या होत्या. पाय समोर लांब केलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं आणि पायांच्या खोबणीत एक तान्हं बाळ पालथं घातलेलं. सुमनची मुलगी, दीड महिन्याची. शेजारी वाफाळतं घमेलं आणि गार पाण्याची बादली. सुमन उंबऱ्यात केस मोकळे सोडून बसली होती.

मला बघून ती लगबगीनं उठू लागली. गयाबाईंनी नुसती मान वर करून पाहिलं. ओळखलं. चेहरा उजळला, पण हात थांबले नाहीत.

"म्याडम, जरा दम खा," त्या म्हणाल्या. "हातात लेकरू हाय."

त्यांनी कोपर पाण्यात बुडवून पाहिलं, एक तांब्या गार पाणी घातलं, पुन्हा कोपर बुडवलं. बाळाला उताणं केलं. न मिटणारा डावा हात त्याच्या कपाळावर वळचणीसारखा आडवा धरला आणि उजव्या हातानं पाणी सोडलं. इतकं हळू, की तांब्यातून पाणी पडतंय हे कळू नये. ते त्यांच्या बोटांवरून बाळाच्या टाळूवर, मागं मानेकडं उतरत गेलं. डोळ्यांत एक थेंब गेला नाही. बाळ रडलं नाही. त्यानं तोंडाचा चंबू केला आणि उन्हाकडं बघत राहिलं.

मी चपला काढून अंगणात उभी होते. तांब्या रिकामा झाला. माझ्याकडं न बघता गयाबाईंनी हात मागं केला.

"दोरीवरचा टावेल द्या म्याडम," त्या म्हणाल्या. "लवकर. गारठंल ती."